टीव्हीशेजारी स्पीकर: पत्र्याचा डबा की उलटं चुंबक?

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी पिक्चर ट्यूबचा टीव्ही अजून ठणठणीत आहे. शेजारी स्पीकर ठेवून गड्ड्याच्या यात्रेची जुनी सीडी लावली, तर पांढऱ्याशुभ्र बाराबंदीवर हिरवा-जांभळा डाग! स्पीकरचं चुंबक इलेक्ट्रॉनचा झोत वाकवतं, तो भलत्याच रंगाच्या ठिपक्यावर पडतो.

पहिला उपाय स्पीकरच्या चुंबकाभोवती लोखंडी पत्र्याचा डबा. स्वस्त, पण पत्रा पातळ असला तर लवकर 'भरतो', म्हणजे आणखी चुंबकत्व सामावून घेऊ शकत नाही, आणि उरलेलं चुंबकीय क्षेत्र बाहेर येतंच. शिवाय डबा चुंबकाला फार चिकटून बसला तर आवाजाच्या कामाचं थोडं बळही तोच खातो. अ‍ॅल्युमिनियमचा डबा तर निव्वळ शोभेचा.

दुसरा उपाय मला जास्त पटला. तेवढ्याच मापाचं फेराइटचं (काळ्या, ठिसूळ चुंबकाचं) कडं स्पीकरच्या पाठीला उलटं चिकटवायचं, म्हणजे दोन्ही एकमेकांना ढकलतात ती बाजू. बाहेरचं क्षेत्र बरंच मारलं जातं, स्पीकरची कॉइल जिथे हलते त्या आतल्या फटीतलं उलट किंचित वाढतं. मात्र चिकटवताना कडं हातातून सटकतं, बोटं सांभाळा. इपॉक्सी लावून रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवलं, तेव्हा कुठे बसलं. वर पत्र्याची वाटी घातली की उत्तमच, फक्त खोक्यात मागे तेवढी जागा हवी.

डाग तरी राहिलाच, तर टीव्ही अर्धा तास बंद ठेवून पुन्हा लावा. आतली डिगॉसिंग कॉइल (पडद्याला चढलेलं चुंबकत्व उतरवणारं वेटोळं) तो पुसते.

एलसीडीवाल्यांनी यातलं काहीच करू नये.