सेकंडहँड सिम्मार-एस १५० एमएम: काच नंतर, आधी शटर बघा

लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याच्या ४×५ इंची फिल्मवर बरेच महिने ही लेन्स वापरल्यावर मत पक्कं झालंय: श्नायडरची सिम्मार-एस १५० एमएम एफ/५.६ डोळे झाकून घ्यावी, पण तिचं शटर मात्र डोळे उघडे ठेवूनच.

अशा लेन्सचं शटर कॅमेऱ्यात नाही, लेन्समध्येच असतं. बहुतेक प्रती कोपल कंपनीच्या ० मापाच्या शटरमध्ये मिळतात. कोपलने शटर बनवणं केव्हाच थांबवलंय, त्यामुळे बिघडलं तर दुसरं जुनंच शोधावं लागतं. नेहमीचं दुखणं म्हणजे आतलं वंगण सुकून कमी स्पीड रेंगाळणं. मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शटर शूट करा. १ सेकंदाच्या स्पीडला शटर उघडं असलेल्या २४० फ्रेम यायला हव्यात, १/३० ला ८. १ सेकंदाच्या स्पीडला ३४० आल्या तर उजेड अर्धा स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). निगेटिव्ह फिल्म ते पचवते, स्लाइड फिल्म नाही. चूक दर वेळी सारखीच असेल तर शटरवर चिठ्ठी चिकटवून काम भागतं. दर वेळी वेगळी येत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव ठरवा. १/५०० हा स्पीड जुन्या शटरला क्वचितच पूर्ण मिळतो, त्यावर वाद घालू नका. विकणाऱ्याकडून व्हिडिओ मागवताना मात्र पहिल्याच क्लिकचा मागा. दहा-बारा वेळा चालवलं की आळसावलेलं शटरही शहाण्यासारखं वागतं आणि दोन दिवस पडून राहिलं की पुन्हा मूळपदावर येतं.

आता काच. कडेला आतून पांढरे ठिपके दिसले तर तो काळा रंग सुटलेला असतो. या लेन्समध्ये ते सर्रास दिसतं. फोटोत त्याचा फरक जाणवलेला नाही, भाव पाडायला मात्र छान उपयोग होतो. फंगसचं तसं नाही. मागून टॉर्च मारून जाळी दिसली तर सोडून द्या, कारण ती काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, खाते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबतच ठेवा.

पुढचा आणि मागचा भाग हाताने उघडून परत बसवून पाहा. मधे पितळेची पातळ रिंग असेल तर ती हरवू नका, दोन्ही भागांमधलं अंतर तिच्यावर ठरतं. भाग दुसऱ्या शटरमधून उचलून बसवलेले असतील तर अॅपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची) आकडेपट्टी चुकीची असू शकते. एफ/२२ ला छिद्र साधारण ६.८ एमएम दिसायला हवं.

एफ/२२ ला प्रतिमावर्तुळ, म्हणजे लेन्स फिल्मच्या जागी जेवढं गोल चित्र पाडते ते, सुमारे २१० एमएम. फिल्मचा कर्ण १५३च्या आसपास असल्यामुळे आडव्या फ्रेममध्ये लेन्स ३५ एमएम वर सरकवता येते. इमारतींसाठी ते भरपूर झालं. जास्त सरकवलं तर ग्राउंड ग्लासच्या (मागच्या, फोकस बघायच्या दुधी काचेच्या) कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे बघा; अॅपर्चर गोल न दिसता बदामाच्या आकाराचं दिसलं, तर त्या कोपऱ्यात अंधार येणार.

एफ/१६ ते २२ ला रेषा अगदी कडक उमटतात, एफ/४५ ला त्याच मऊ पडतात. एफ/५.६ फक्त फोकससाठी. मल्टिकोटिंग नसलेली प्रत स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्या, पण हूड लावा. फिल्मबाहेर पडणारा उजेड बेलोजच्या (कॅमेऱ्याच्या घडीच्या भात्याच्या) घड्यांवर आपटून कॉन्ट्रास्ट घालवतो. फिल्टर ५८ एमएमचे लागतात. लेन्स ज्या पाटीवर बसते त्या लेन्सबोर्डला ३४.६ एमएमचं भोक हवं. लेन्स बोर्डवर मागून कसायची रिंग सौद्यात आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. ती बरेचदा नसते.