पोकेमॉन गो कोकणात: पावसाळा ते शिमगा खेळून झाल्यावर

मुंबईत असताना पोकेमॉन गो, म्हणजे खरोखर फिरून फोनवर पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचा गेम, खेळायचोच, पावसाळ्यात राजापूरकडे गावी राहायला आलो आणि इथे तोच गेम भलताच निघाला. तिकडे पावलापावलाला स्टॉप (नकाशावरची खरी जागा, जवळ जाऊन फिरवली की गेममधल्या वस्तू मिळतात), इथे देवळाचं एक जिम (जिथे पोकेमॉनच्या लढती होतात) आणि पुढचा स्टॉप थेट एसटी स्टँडला. जिममध्ये ठेवलेला पोकेमॉन कोणी हरवून बाहेर काढला तरच कॉइन मिळतात, दिवसाला जास्तीत जास्त 50, आणि इथे हरवायला आहे कोण? माझा स्नॉरलॅक्स गणपतीत चाकरमान्यांची पोरं आली तेव्हा सुटला एकदाचा. त्या दिवसांत जिमचा रंग, म्हणजे ते कुठल्या टीमच्या ताब्यात आहे ते, सकाळ-संध्याकाळ बदलत होता, विसर्जन झालं की परत सामसूम.

आता सेफ्टीचं. गेम उघडताना आजूबाजूला लक्ष ठेवा म्हणून सांगतो, पण ते शहरातल्या ट्रॅफिकसाठी ठीक, इथे सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) फुरसं असतं, विषारी साप. एवढुसं, रंग कातळासारखाच, दिवेलागणीनंतर बाहेर पडतं, अंगावर अंग घासून खरखर आवाज करतं खरं पण तुमच्या कानात इअरफोन असतील तर काय उपयोग. त्यामुळे सड्यावर फोन खिशात, ॲडव्हेंचर सिंक (गेम बंद असतानाही चालणं मोजणारं सेटिंग) चालू, चाललेलं अंतर मोजलं जातं आणि चालून उबवायची गेममधली अंडी आपोआप पुढे सरकतात. स्लीपर घालून तर जाऊच नका.

बाहेरून येणाऱ्यांनी अजून एक बघा. अनोळखी पोरगा रात्रीचा घरांच्या मागे मोबाईल धरून फिरतोय हे वाडीत कोणालाच आवडत नाही, मला पण काकींनी विचारलंच, "कोणाचं घर शोधतोस रे बाबू?" मी गावचा म्हणून हसण्यावारी गेलं. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं होतं, अफवा मोबाईलवरूनच पसरलेल्या. तेव्हा दिवसाउजेडी खेळा, आणि देवळापाशी कोण असेल त्याला आधी सांगा काय करताय ते.

नवीन स्टॉप आपल्याला सुचवता येतात, वाचनालय मी टाकलं, झालं मंजूर. मित्र म्हणतात कातळशिल्पं पण टाक, 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, गाव फेमस होईल. नाही टाकणार. शिल्पं जमिनीवरच कोरलेली, बऱ्याच ठिकाणी ना कुंपण ना पाटी, जागा कोणाच्या तरी मालकीची, आणि स्टॉप लांबून फिरवता येत असला तरी माणूस फोटोसाठी शिल्पावर चढतोच, बाईक पण आणतील. देवरहाटीचं (देवाच्या राखीव रानाचं) तर नावच नको, तिथे चप्पल घालून कोणी शिरलं तर पुढची बोलणी मला खायची आहेत.

बाकी बॅटरी धडाधड उतरते, पॉवर बँक हवीच. शहरात असतो तर पाचपैकी चार दिले असते, गावासाठी अडीच, त्यातला अर्धा गेममधून मित्रांना पाठवायच्या गिफ्टचा, कारण आमच्या देवळाचा फोटो असलेलं पोस्टकार्ड जपानमधल्या कोणाच्या तरी फोनवर गेलंय.