आत्ता खाणार की नंतर?

ऑफिसच्या मागच्या गल्लीत सँडविचचं दुकान आहे, हे मला तिथे दोन वर्षं नोकरी करून झाल्यावर कळलं. मी कायम पुढच्या दाराने ये-जा करणारी. एका मंगळवारी लिफ्ट बंद पडली, मागच्या जिन्याने उतरले आणि भाजलेल्या पावाचा वास आला. नेमका त्याच दिवशी डबा घरी ओट्यावर राहिला होता.

दुकान म्हणजे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. काउंटर, तवा, मागे पावाची फळी. बाहेर दोन स्टुलं, त्यातलं एक डुगडुगतं. मी काकडी-टोमॅटो-चीज सांगितलं. काउंटरमागच्या काकूंनी मान वर न करता विचारलं, "आत्ता खाणार की नंतर?"

मला वाटलं, काय ही चौकशी! म्हटलं, "मीटिंग आहे, तासाभराने खाईन."

त्यांनी हातातला टोमॅटो खाली ठेवला आणि बाजूच्या ताटलीतल्या चकत्या उचलल्या. त्या आधीच मीठ लावून कागदावर पसरून ठेवलेल्या होत्या. सुटलेलं पाणी कागदाने पिऊन टाकलेलं. मग दोन्ही स्लाइसना लोणी, तेही मध्यभागी एक ठिपका देऊन मोकळं होणं नाही, पार कडेपर्यंत. त्यावर दोन्हीकडून चीज, आणि टोमॅटो-काकडी बरोबर मधोमध. म्हणजे ओल्या गोष्टीचा पावाशी संबंधच नाही. प्लॅस्टिक न वापरता कागदात गुंडाळून हातात दिलं.

तासाभराची मीटिंग अर्थातच पावणेदोन तास चालली. मी पुडी उघडली तेव्हा पाव कोरडा, मऊ, जसाच्या तसा. आजवर डब्यात नेलेल्या माझ्या प्रत्येक सँडविचचा दुपारपर्यंत लगदा होत आलाय आणि त्याचं खापर मी पावावर फोडत होते. चूक माझ्या टोमॅटोची होती.

"आत्ता" म्हटलं तर मात्र मामला वेगळा. मीठ न लावलेला रसरशीत टोमॅटो, लोणी पावाच्या बाहेरच्या अंगाला, आणि तव्यावर दाबून भाजणं. चीज कडेने ओघळतं, तव्याला लागून कुरकुरीत होतं. ती कड मी शेवटच्या घासासाठी ठेवते.

एकदा लबाडी केली. भाजलेलं हवं होतं म्हणून "आत्ता" म्हटलं आणि वर नेऊन अर्धा तास फोनवर अडकले. कागदातल्या कागदात वाफ कोंडली आणि पाव वातड झाला. दुसऱ्या दिवशी काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "खरं सांगायचं ना! जाळीवर गार करून दिलं असतं." कुरकुरीतपणा थोडा कमी होतो, पण वातड होत नाही. तेव्हापासून खरं सांगते.

पावाबद्दल त्या भलत्याच कडक आहेत. आमच्यातल्या एकाने अर्धं सँडविच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं आणि पाव कडक झाला म्हणून तक्रार घेऊन गेला. त्याला भर गर्दीत ऐकून घ्यावं लागलं. तसं त्यांचं बरोबरच आहे. फ्रिजच्या गारठ्यात पावातला स्टार्च बाहेरपेक्षा लवकर घट्ट होतो, त्यामुळे पाव उलट लवकर शिळा लागतो. ठेवायचाच असेल तर नुसता पाव फ्रीझरमध्ये, आणि काढला की थेट तव्यावर. भरलेलं सँडविच मात्र त्याच दिवशी संपवायचं.

आता उणं. अंड्याचं सँडविच घेऊ नका. मेयोनीज इतकं, की अंडं शोधावं लागतं, आणि तिथे "आत्ता की नंतर"चाही उपयोग होत नाही. सगळ्यावर इतका विचार करणाऱ्या बाईंचा हात इथेच का सुटतो, देव जाणे. फळ्यावर लिहिलेल्या पदार्थांपैकी निम्मेच मिळतात. दुपारी एक ते दीडच्या दरम्यान रांग जिन्यापर्यंत येते. उशिरा गेलात तर जाड कडेचा पाव संपलेला असतो आणि साध्या स्लाइसवर भागवावं लागतं. उकडलेला बटाटा, मोहरीची पेस्ट आणि भरपूर मिरपूड घातलेलं सँडविच त्या जाड पावातच शोभतं. त्यासाठी मी पाऊण वाजताच खाली उतरते. साहेबांना काय सांगते ते इथे लिहीत नाही.

परवा सवयीने काही विचारायच्या आतच म्हणाले, "नंतर."

काकूंनी टोमॅटोच्या ताटलीकडे जाणारा हात मागे घेतला. "मीटिंग मंगळवारी असते तुझी. आज गुरुवार. बस तिथे, गरम खा."

चांगलं स्टूल कुणीतरी आधीच पटकावलं होतं.