ठाण्यातला रविवारचा वर्ग: बेने इस्राएली मुलांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी

आमच्या बेने इस्राएल समाजात, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्ये, बार मित्झवा (मुलगा धर्मानं सज्ञान होण्याचा विधी) झाली की मुलाचं धर्माचं शिक्षण संपलं, असंच धरून चालतात. तेराव्या वर्षी मुलगा तोराचा (धर्मग्रंथाचा) उतारा वाचतो, फोटो निघतात, जेवणं होतात. त्यानंतर तो सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) दिसतो तो फक्त रोश हशाना आणि किप्पूर या दोन मोठ्या दिवसांना. मुलींची तर बाराव्या वर्षीच सुटका. खरे प्रश्न पडायला लागतात ते याच्या पुढे, आणि तेव्हा उत्तर द्यायला कुणी नसतं.

समाजातल्या काही मंडळींनी ठाण्यात चालवलेला रविवारचा वर्ग नेमका या वयासाठी आहे, आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी. माझी मुलगी तिथे जाते. नववीच्या मुलाला तिथे घालू का, असं मला बऱ्याच आयांनी विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी स्वतः महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे कुठल्याही वर्गात बसले की माझं लक्ष आधी शिकवण्याकडे जातं आणि मग विषयाकडे.

वर्ग शनिवारी ठेवता येत नाही, कारण तो शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस. रविवारी सकाळी भाड्याच्या हॉलमध्ये भरतो. फी नाममात्र आहे आणि ज्यांना तीही जड जाते त्यांना कुणी विचारत नाही. आईवडिलांना मागच्या बाकावर बसायची मुभा आहे, ती मी मनापासून वापरली.

अशा वर्गाची गरज का पडली, हे आधी सांगायला हवं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली, पुढे तीच माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत कितीतरी जण तिथे शिकले. इंग्रजी, मराठी, हिब्रू सगळं एकाच छपराखाली. 1948 नंतर समाजातली बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली आणि आज त्या शाळेत इतर समाजांची मुलं शिकतात. चांगलंच आहे ते. पण ठाण्या-मुंबईत उरलेली आमची मुलं आता वेगवेगळ्या शाळांत विखुरलेली आहेत, आणि बहुतेक वर्गांत ज्यू म्हणून ती एकटीच असतात. आठवड्यातून एकदा का होईना, त्यांनी एका खोलीत बसणं यालाच मोठा अर्थ आहे.

आता शिकवण्याबद्दल.

मी पाहिलेला सगळ्यात चांगला तास पेसाहच्या, म्हणजे मिसरमधून (इजिप्तमधून) सुटकेच्या सणाच्या, आधीचा होता. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल, आठवडाभर बँकेत नोकरी करते. तिनं 1874 साली पुण्यात छापलेल्या हगादाच्या (पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीच्या) एका पानाची मोठी प्रत टेबलावर पसरली. मजकूर हिब्रूत आणि शेजारी मराठीत. वर मात्झा (बिनखमिराची भाकरी) करणाऱ्या बायकांचं चित्र. ती काहीच बोलली नाही. मुलं पाच मिनिटं नुसती बघत होती, मग एकजण म्हणाला, "ताई, या साड्या नेसल्यात." दुसरी म्हणाली, "आणि जमिनीवर बसल्यात, आमच्या आजीसारख्या." तिथून प्रश्नांना जे तोंड फुटलं ते थांबेना. मिसरमधून सुटकेच्या गोष्टीत आपल्या बायका कशा आल्या? हे चित्र कुणी काढून घेतलं? तेव्हा पुण्यात आपले किती लोक होते? त्याआधीचा, 1846 चा मुंबईत छापलेला मराठी हगादाही तिला ठाऊक होता, पण तो तिनं मुलांनी "याच्या आधी होता का?" असं विचारल्यावरच काढला. माझ्या शाळेत तालमी करूनसुद्धा असा तास साधत नाही. घरचा अभ्यास दिला तोही साधा: आजीला किंवा मोठ्या मामीला विचारायचं, त्यांच्या लहानपणी पेसाहला घरात काय काय व्हायचं. आमच्या घरी त्या रात्री दीड तास फोन चालला.

दुसरा तास मला विसरता येणार नाही. शाळेतल्या कुणीतरी एका मुलाला म्हटलं होतं, तुम्ही खरे ज्यू नाही, इंटरनेटवर लिहिलंय. तो मुलगा हे सगळ्यांसमोर बोलला आणि खोली गप्प झाली. शिकवणाऱ्यानं त्या दिवसाचा ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि 1964 सांगितलं. इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं बेने इस्राएलांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करायचा फतवा काढला होता. आपले लोक तेव्हा जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. कोकणातून गेलेली, मराठी बोलणारी माणसं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्राएलच्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यू आहेत. मग तो एवढंच म्हणाला, "हे कुणी आपल्याला दिलं नाही, आपल्या माणसांनी बसून मिळवलं." त्यानं ना इंटरनेटला शिव्या दिल्या, ना मुलांना खोटा धीर दिला. पुढच्या रविवारी त्या मुलानं स्वतः उठून सगळ्यांना शेमा ही आमची मुख्य प्रार्थना म्हणून दाखवली, हे मी पाहिलं.

असे तास आपोआप होत नाहीत, आणि या वर्गाचा जो भाग बाहेरून दिसत नाही तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शिकवणारी मुलं-मुली महिन्यातून एकदा एकत्र बसतात. पुढचा धडा एकजण बाकीच्यांना शिकवून दाखवतो, बाकीचे त्याला मुलांसारखे आडवे प्रश्न विचारतात. एक वयस्क हजान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणारे) तेफिलाचे (प्रार्थनांचे) उच्चार दुरुस्त करतात. प्रत्यक्ष वर्गात दोघं असतात: एक शिकवतो, दुसरा मुलांनी विचारलेले प्रश्न वहीत उतरवतो. त्या वहीवरून पुढचा धडा ठरतो. मी ती वही चाळली आहे. "तिशा बाआवला (जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या उपासाला) आपण वालाचं बिरडंच का खातो?" "माझी आई ख्रिश्चन आहे, मी मलिद्याला (एलिया संदेष्ट्याच्या नावानं करायच्या विधीला) बसू शकतो का?" "गेटवर पोलीस का?" त्या शेवटच्या प्रश्नाला 26 नोव्हेंबर 2008 आणि नरिमन हाऊस या मुंबईतल्या ज्यू केंद्रावरचा हल्ला सांगितल्याशिवाय उत्तर नाही. तो तास कसा घ्यायचा यावर शिकवणाऱ्यांनी दोन बैठका घालवल्या, असं कळलं. मुलांना आधी ऐकायचं, मग घडलेलं सांगायचं, भीतीची चित्रं दाखवायची नाहीत, असं ठरलं. ही काळजी मला शाळा-कॉलेजांत क्वचित दिसते.

म्हणूनच पुढचं लिहिताना मला राग येतो. या तरुणांना मानधन नाही. फक्त जाण्यायेण्याचा खर्च मिळतो, तोही उशिरा. दोन-तीन वर्षं शिकवून हात बसतो न बसतो, तोवर एखादी अलिया करून (इस्राएलला कायमची राहायला) जाते, एखाद्याची नोकरी बंगळूरला लागते. त्यांच्या जागी परदेशातून काही महिन्यांसाठी आलेले स्वयंसेवक उभे केले जातात. माणसं गोड आहेत, गाणी सुंदर शिकवतात, पण त्यांच्याबरोबर येणाऱ्या पुस्तिका युरोप आणि अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलेल्या आहेत. त्यात कुठेही नवगाव (आमचे पूर्वज जिथे उतरले असं मानतात ते अलिबागजवळचं गाव) नाही, मलिदा नाही, एलियाहू हन्नबी (एलिया संदेष्टा) आहे तो फक्त पेसाहच्या रात्रीचा. त्या महिन्यांत माझी मुलगी घरी येऊन काहीच सांगत नव्हती. पाहुण्यांना दोष नाही. आपण आपल्या शिकवणाऱ्यांवर पैसे खर्च करत नाही, हा दोष आपला समाजाचा आहे. सिनेगॉगच्या रंगरंगोटीला देणगी निघते, तशीच एका शिक्षकाच्या वर्षभराच्या मानधनाला निघायला हवी. रक्कम त्याहून कमीच लागेल.

साहित्याबद्दल आणखी एक तक्रार: छापील सगळं इंग्रजीत. मुलांना चालतं, पण आजी-आजोबांना मदत करता येत नाही, आणि या वर्गाचा अर्धा अभ्यास तर आजीलाच विचारायचा असतो. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं होतं. मिशनरी माणसाला तेव्हा जे जमलं ते आपल्याला आज जमू नये?

अलिबागची सहल छान होती. नवगावचं जुनं दफनस्थान, अलिबागजवळच्या खंडाळ्याची एलियाहू हन्नबीची मानली जाणारी शिळा, परतताना बसमध्ये दोन मोठ्या बायकांनी म्हटलेलं योसेफाच्या कीर्तनातलं पद. 1880 च्या दशकात आपल्याकडे ही मराठी कीर्तनं सुरू झाली, हे मुलांना तिथे पहिल्यांदा कळलं. ऊन फार होतं, पाणी कमी पडलं. हिवाळी शिबिराबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही, खेळ आणि खाणं.

एक शंका बरेच जण काढतात की दहावीच्या वर्षी जमेल का. रविवारी क्लासेस असतात हे खरं. शिकवणारे यात लवचीक आहेत, दहावीची मुलं दिवाळीनंतर आली नाहीत तरी चालतं आणि परीक्षेनंतर परत घेतात. पण सुरुवात दहावीत करू नका, आठवीत करा. आठवीतली मुलं प्रश्न विचारायला लाजत नाहीत, आणि या वर्गात जो विचारतो त्यालाच सगळं मिळतं. मुलाला हिब्रू वाचता येत नसेल तरी अडत नाही. सुरुवातीचे काही आठवडे अर्धा तास वेगळा बसवतात, देवनागरीवरून हळूहळू मूळ अक्षरांवर आणतात.

आई किंवा वडील ज्यू नसतील तरी मुलाला घेतात. हे मी मुद्दाम विचारून घेतलं, कारण अशी घरं आता खूप आहेत आणि ती विचारायला संकोचतात.

पनवेल-पेणकडच्यांना मात्र सध्या सोय नाही. तिथे पाच-सहा मुलं एकत्र आली तर महिन्यातून एकदा दोन शिक्षक पाठवायची तयारी आहे, असं मला चालवणाऱ्यांनी सांगितलं. नवी तुकडी सिमहात तोरा या सणानंतर (सप्टेंबर-ऑक्टोबर) सुरू होते, नावं त्याआधी द्यायची.