फ्रोजन शोल्डर आणि आमच्या फिजिओ मॅडम

मी सांगलीत हायस्कूलला गणित शिकवते. उजवा खांदा आखडला, म्हणजेच फ्रोजन शोल्डर झाला, आणि फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात लिहिणंच बंद झालं. वेणी घालणं, बसमध्ये वरचा दांडा धरणं, सगळंच अडलं. रात्री त्या कुशीवर वळलं की दंडापर्यंत कळ जायची. आधी मी दुसरीकडे जात होते. तिथे मशीनचे पॅड लावून पडदा ओढायचे आणि वेळ संपली की पॅड काढायचे. माझा हात कुणी उचलूनसुद्धा पाहिला नाही.

विश्रामबागेतल्या या मॅडमनी पहिल्या दिवशी मशीन लावलंच नाही. आधी मला हात वर करायला सांगितलं. मग मला तो सैल सोडायला लावून त्यांनी स्वतः उचलून पाहिला. कोपर बरगडीला टेकवून हात बाहेर वळवायला गेल्या, तर तो जागचा हलेना. स्नायू फाटला असेल तर दुसऱ्याने उचलल्यावर हात बऱ्यापैकी वर जातो, पण सांध्याभोवतीचं आवरण आकसलं असेल तर कुणीही उचलला तरी अडतोच, असं त्यांनी समजावलं. गोनिओमीटर, म्हणजे सांधा किती वळतो ते मोजायचं कोनमापक, लावून अंश लिहून घेतले. मला मधुमेह आहे हे कळल्यावर तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट मागितला, कारण मधुमेह्यांना हा त्रास जास्त होतो आणि रेंगाळतोही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून एक्स-रेही काढून आणायला लावला. बरं व्हायला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं, हे त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. मला ते फार आवडलं.

रात्रीची झोपमोड होत होती तोवर त्यांनी जोर करू दिला नाही. डावा हात टेबलावर टेकून वाकायचं, उजवा लोंबता सोडून हलकेच गोल फिरवायचा, एवढंच. व्यायामानंतरचं दुखणं तासाभरात उतरलं तर ठीक, रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी निम्माच करायचा. कळ कमी झाल्यावर भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम आला. तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, तुमचा फळा केवढा उंच आहे?" आणि तो व्यायाम फळ्यावरच करायला सांगितला. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बोटं चढवत न्यायची आणि पोचतील तिथे खडूची बारीक रेघ मारायची. दर आठवड्याला ती रेघ थोडी वर सरकताना दिसायची, त्यामुळे व्यायाम चुकवावासा वाटला नाही.

एकदा मी हात बराच वर गेला म्हणून खूश झाले. मॅडमनी मला आरशासमोर उभं केलं आणि खांद्यावर बोट ठेवलं. "हा हात नाही वर गेला, अख्खा खांदा कानाकडे गेला. आता खांदा खाली ठेवून उचला." हात वीतभर खाली आला, पण त्यानंतरची सुधारणा खरी होती. अशी नजर असलेली फिजिओ मिळायला भाग्य लागतं.

शेक त्या देतात, पण व्यायामाआधी सांधा जरा सैल व्हावा म्हणून. घरी नीट जमायला लागल्यावर त्यांनी आपणहूनच पंधरा दिवसांनी बोलावायला सुरुवात केली. एका वेळचे 400 रुपये घेतात. आज मी फळ्यावर वरपासून लिहिते. हात पाठीमागे अजून पूर्ण जात नाही, त्यासाठी टॉवेलचा व्यायाम चालू आहे.

क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे, जिना उभ्या चढणीचा आहे आणि लिफ्ट नाही. गुडघ्याच्या पेशंटनी आधी फोन करून विचारावं. संध्याकाळी गर्दी असते, दुपारी निवांत वेळ मिळतो. पदवी आणि राज्य परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र समोरच लावलंय. कुठेही गेलात तरी ते बघाच, कारण नुसतं चोळून देणारेही स्वतःला फिजिओ म्हणवतात. जाताना सैल बाह्यांचा कुर्ता घाला आणि जुने रिपोर्ट सोबत न्या, त्या सगळे वाचतात.