हाकेन की सेइशाइन? जपानमध्ये नोकरी बदलताना

समजा हातात दोन ऑफर आहेत: हाकेनची (एजन्सीच्या पगारावर दुसऱ्या कंपनीत काम) ताशी २,५०० येन आणि सेइशाइनची (कंपनीची कायम नोकरी) महिना ३,३०,००० येन. दिवसाला ८ तास आणि महिन्याला २० दिवस धरले तर हाकेनचे ४,००,००० होतात, आणि बरेच जण तिथेच हो म्हणून मोकळे होतात. पण हाकेनमध्ये हजेरी तेवढेच पैसे. गोल्डन वीकला, म्हणजे एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांना, कंपनी बंद राहून मे १७ दिवसांचा झाला, की ३,४०,०००. तो पगार बहुधा जूनमध्ये हाती येतो आणि नव्या हिशोबाचा रहिवासी कर नेमका जूनपासूनच कापला जातो.

सेइशाइनचा आकडाही तपासून घ्यावा. त्यात ‘कोतेई झांग्यो’, म्हणजे ३०-४५ तासांचा ओव्हरटाइम आधीच धरलेला असू शकतो. तास आणि रक्कम वेगवेगळी लिहून घ्या. त्यावरच्या तासांचे पैसे वेगळे मिळायला हवेत. या बाबतीत हाकेन सरळ: जादा तास, जादा पैसे.

तरीही पारडं झुकतं ते नूतनीकरणापाशी. हाकेनचे करार बऱ्याचदा ३-३ महिन्यांचे. पुढचा करार होणार की नाही, हे जेमतेम महिनाभर आधी कळतं. नेमका त्याच सुमारास व्हिसा संपत आला असेल तर अर्जात हाकेन कंपनी आणि प्रत्यक्ष कामाची जागा, दोन्हींचा तपशील द्यावा लागतो, आणि जागाच पक्की नसते. मग व्हिसा वर्षाचाच मिळण्याची भीती. वर्षाच्या व्हिसावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येत नाही. शिवाय २०१५ च्या दुरुस्तीनुसार हाकेनवर एकाच विभागात काम करायला ३ वर्षांची मर्यादा आहेच. बेमुदत नेमणुकीच्या ‘मुकी कोयो’ हाकेनला ती लागू नाही. हाकेनच घ्यायचं तर तेच मागावं.

ज्यांना दोन-तीन वर्षांत पुण्याला परतायचंय, त्यांना हाकेन वाईट नाही. राहायचं असेल तर थोडा कमी पगार सोसून सेइशाइन, असं आमचं मत.

फक्त सहीआधी कामाच्या अटींचं पत्रक नीट वाचा. एप्रिल २०२४ पासून त्यात कामाची जागा कुठवर बदलू शकते, हे लिहावंच लागतं. तिथे ‘कंपनी ठरवेल ते ठिकाण’ असेल, तर तोक्योत घर शोधण्याआधी फुकुओकाचीही भाडी बघून ठेवा.