नवशिक्यांच्या जर्मन वर्गात लघुपट: काही महिने वापरल्यानंतर

आधी निष्कर्षच सांगते, घाईत असलेल्यांची सोय होईल. ए१ पातळीच्या, म्हणजे अगदी पहिल्या पायरीच्या वर्गात लघुपट चांगले चालतात, पण कान तयार करायला म्हणून आणाल तर निराशा पदरी येईल. ते चालतात विद्यार्थ्यांना बोलतं करायला. आणि ज्या फिल्ममध्ये संवाद जवळजवळ नाहीतच, तीच या टप्प्यावर सर्वांत उपयोगी पडते.

माझे विद्यार्थी प्रौढ आहेत. कोणी नोकरी सांभाळून येतं, कोणी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघालेलं असतं, कोणाचा जोडीदार तिकडे असल्यामुळे परीक्षा देणं भाग असतं. नेहमीचं पाठ्यपुस्तक मी सोडलेलं नाही. त्याच्या जोडीला साधारण आठवड्यातून एकदा फिल्म, एवढाच वापर आहे. म्हणजे हा अनुभव कुठल्या एका अ‍ॅपचा किंवा तयार संचाचा नाही, पद्धतीचा आहे.

सर्वांत जास्त वसूल झालेली फिल्म ‘बॅलन्स’. वोल्फगांग आणि क्रिस्टोफ लाउएनश्टाइन या जुळ्या भावांची १९८९ ची अ‍ॅनिमेशन फिल्म, १९९० मध्ये तिला ऑस्कर मिळालं. अधांतरी तरंगणारा एक सपाट मंच आणि त्यावर लांब कोट घातलेली, पाठीवर आकडे असलेली पाच माणसं. एक जण हलला की बाकीच्यांनाही हलावं लागतं, नाहीतर मंच कलंडतो. मग गळ टाकून खालून एक पेटी वर ओढली जाते आणि तिच्यापायी सगळा तोल जातो. फिल्मभर कोणी एक शब्द बोलत नाही.

जर्मन शिकवणाऱ्याला हे घबाडच आहे. इन, आउफ, आन, उंटर (आत, वर, लागून, खाली) वगैरे नऊ शब्दयोगी अव्ययं अशी आहेत की जागा स्थिर असेल तर पुढे डाटिव्ह विभक्ती येते आणि एखाद्या जागेकडे जाणं असेल तर अक्कुझाटिव्ह. पुस्तकात यासाठी खोलीचं एक चित्र असतं, टेबलावर दिवा, खुर्चीखाली मांजर. विद्यार्थी ते तक्ता पाठ केल्यासारखं म्हणतात आणि पुढच्या तासाला विसरतात, कारण त्या मांजराचं पुढे काय होणार याच्याशी कोणालाच देणंघेणं नसतं. ‘बॅलन्स’मध्ये मात्र कोण कुठे उभा आहे आणि कोण कुठे निघालाय यावरच माणसांचा जीव अवलंबून आहे. एक जण कोपऱ्याकडे निघतो, मी पॉज करते: एर गेट इन डी एके (तो कोपऱ्यात जातो). तो पोहोचून थांबतो, पुन्हा पॉज: एर श्टेट इन डेर एके (तो कोपऱ्यात उभा आहे). असं चार-पाच वेळा झालं की पुढचं वाक्य वर्गातूनच येतं. डी आणि डेर या विभक्तीच्या खुणांतली गल्लत लगेच थांबते असं नाही, पण चुकलं की शेजारचा टोकतो आणि टोकताना नियम नाही सांगत, ‘अरे, चालतोय की उभाय?’ एवढंच विचारतो. मला याहून जास्त काही नको होतं.

शेवट आणखी कामाचा आहे. एकच माणूस उरतो, पेटी समोरच्या टोकाला, आणि त्याला हलता येत नाही. हे सांगायला काय लागतं? एर इस्ट अलाइन. डी किस्टे इस्ट डा. आबर एर कान निश्ट गेएन. म्हणजे तो एकटा आहे, पेटी तिथे आहे, पण त्याला जाता येत नाही. तिन्ही वाक्यं निखळ ए१ ची, तरी बोलणाऱ्याला आपण काहीतरी सांगितल्यासारखं वाटतं. प्रौढांना नवी भाषा शिकवताना ही नेहमीची पंचाईत असते. माणूस पस्तिशीचा, अनुभव मोठा, आणि तोंडात वाक्यं टोमॅटोचा भाव विचारण्याची. गंभीर गोष्ट थोड्या शब्दांत सांगण्याची संधी पुस्तकाच्या पहिल्या दहा धड्यांत क्वचितच मिळते.

दुसरा मोठा फायदा माझ्या हिशेबात नव्हता. गोष्ट पुन्हा सांगायला लावली की त्सुएर्स्ट, डान, प्ल्योत्सलिश, आम एंडे (आधी, मग, अचानक, शेवटी) हे शब्द लागतातच. आणि जर्मनमध्ये मुख्य वाक्याची सुरुवात अशा शब्दाने झाली की क्रियापद लगेच दुसऱ्या जागी येतं, कर्ता त्याच्या मागे जातो. मराठी माणसाची सवय क्रियापद शेवटी टाकण्याची, आणि इंग्रजीची सवय असलेला ‘डान डेर मान कॉम्ट’ (मग माणूस येतो) म्हणून मोकळा होतो. हा नियम फळ्यावर कितीही वेळा लिहिला तरी बोलताना निसटतो. पण पाच मिनिटांची गोष्ट सांगायची तर ‘डान कॉम्ट डेर मान’ या साच्यातली वाक्यं एकामागून एक बोलावीच लागतात. जीभ वळते ती या रेट्यामुळे. पहिल्या बॅचपेक्षा नंतरच्या बॅचेसमध्ये ही चूक लवकर कमी झाली, असं माझं निरीक्षण आहे. त्यात माझ्या हाताला आलेल्या सरावाचाही भाग असेल.

पुढच्या तासाला तीच गोष्ट पेर्फेक्टमध्ये, म्हणजे बोलण्यातल्या भूतकाळात सांगायची. मग साहाय्यक क्रियापद हाबेन घ्यायचं की झाइन हा प्रश्न येतो. येण्या-जाण्याच्या क्रियापदांना झाइन लागतं, म्हणून पात्रं सतत चढत-उतरत, येत-जात असतील तर झाइनचा सराव आपोआप होतो.

यासाठी पेपे डांक्वार्ट यांची ‘श्वार्त्सफारर’ चांगली. १९९३ ची, कृष्णधवल, सुमारे बारा मिनिटांची, १९९४ ची ऑस्करविजेती. बर्लिनच्या ट्रॅममध्ये एक म्हातारी शेजारी बसलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला उद्देशून परदेशी लोकांबद्दल वाट्टेल ते बोलत राहते, डब्यातलं कोणी तिला अडवत नाही, आणि तिकीट तपासनीस येताच तो तरुण तिच्या हातातलं तिकीट हिसकावून खाऊन टाकतो. गोष्ट एका दमात कळते, विनोद भाषेशिवाय पोहोचतो, आणि आइनश्टाइगेन (चढणं), आउसश्टाइगेन (उतरणं) यांसारखी तुटणारी क्रियापदं ट्रॅममध्ये नाही सापडणार तर कुठे? डेर कोंट्रोल्योर श्टाइग्ट आइन (तपासनीस चढतो): हे ‘आइन’ वाक्याच्या टोकाला का जाऊन बसलं, हे एकदा डोळ्यांसमोर घडलं की समजावणं सोपं जातं. दुसऱ्या दिवशी एर इस्ट आइनगेश्टीगेन (तो चढला) आणि एर हाट डी फारकार्टे गेगेसेन (त्याने तिकीट खाल्लं), दोन्ही एकाच गोष्टीत.

पण ही फिल्म ए१ ला पूर्ण, आवाजासकट लावू नका. म्हातारीचं बोलणं लांबलचक, भरभर आणि आडवळणाचं आहे. नवशिक्याला त्यातलं मोजकंच कळेल आणि उरलेला वेळ तो खचत जाईल. मी सुरुवात आवाज बंद करून दाखवते: सकाळचं शहर, सुरू न होणारी मोटरसायकल, थांब्यावरची माणसं. मधला एकपात्री प्रयोग बराचसा उडवते, तिच्या चेहऱ्यावरून ती काय बोलत असेल याचा अंदाज तेवढा करायला लावते. शेवट आवाजासकट. आणि आधी बजावून ठेवते की तिच्या तोंडी कृष्णवर्णीयांसाठी एक अपमानकारक शब्द आहे, तो उचलायचा नाही. हे न सांगता फिल्म लावणाऱ्या शिक्षकांशी माझं पटत नाही. नवशिक्याला भाषेतला कुठला शब्द विषारी आहे हे ओळखण्याचं काहीच साधन नसतं.

आता तक्रारी.

कान तयार होतो हा दावा मला या पातळीवर तरी खरा वाटला नाही. खऱ्या फिल्ममधली माणसं ‘आइनेन’ म्हणत नाहीत, नुसतं ‘नेन’ म्हणतात. ‘इश हाबे’चं ‘इश हाब’ होतं, ‘निश्ट’मधला ट गळतो, बर्लिनची पात्रं असली की ‘इश’चं ‘इक’ होतं. विभक्ती ज्या शेपटांवरून ओळखायची ती शेपटंच ऐकू येत नाहीत. वेग पाऊणपट केला तर शब्द सुटे होत नाहीत, फक्त ताणले जातात. ऐकण्यासाठी मी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही मालिका वापरते. विमानतळावर बॅग गमावलेल्या एका स्पॅनिश तरुणाची ती गोष्ट ए१ पासून मधल्या बी१ पातळीपर्यंत जाते, फुकट आहे, आणि शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेली असल्यामुळे पात्रं स्पष्ट बोलतात. नाट्य म्हणून ती जरा मिळमिळीत आहे, पण तिचं काम ती चोख करते. दोन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही, कामं वेगळी आहेत.

सबटायटल्सचा घोळ तर विचारू नका. लोकांना वाटतं जर्मन आवाज आणि जर्मन सबटायटल लावलं की झालं. पण वाचायला वेळ मिळावा म्हणून सबटायटलमध्ये वाक्यं छाटलेली असतात. पडद्यावर एक आणि कानावर दुसरं, त्यात नवशिका कानापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवतो. यंत्राने आपोआप तयार केलेली सबटायटल्स याहून वाईट, बोलीभाषा आली की काहीही छापतात. शेवटी हव्या असलेल्या दीड-दोन मिनिटांचे संवाद मी स्वतः ऐकून लिहून काढते. हे वेळखाऊ आहे, आणि ही पद्धत वापरू पाहणाऱ्याने आधी हाच हिशेब करावा: वर्गातल्या एका तासामागे घरी निदान तेवढाच वेळ जातो. एकदा केलेली तयारी पुढच्या बॅचला कामी येते, एवढाच दिलासा.

एक गोष्ट मात्र फिल्मच शिकवते, पुस्तक नाही. ‘आख झो’, ‘ना या’, ‘डॉख’, ‘गेनाउ’ (असं होय, बरं, नाही कसं, अगदी) असे बारके उद्गार विद्यार्थी फिल्ममधून अलगद उचलतात आणि बरोबर जागी वापरतात. ‘डॉख’ समजावून सांगायला गेलं तर अर्धा तास जातो. नकाराला नकार देताना ते कसं फेकतात हे पात्राच्या चेहऱ्यासकट पाहिलं की बहुतेकांना पुरतं.

‘श्पीलत्सॉयगलांट’ ही योखेन आलेक्सांडर फ्रायडांक यांची २००९ ची ऑस्करविजेती फिल्म मला सुचवणारे बरेच भेटले. १९४२ सालचा जर्मनी, शेजारचं ज्यू कुटुंब नेलं जाणार आहे, आई आपल्या लहान मुलाला सांगते की ते खेळण्यांच्या देशात चाललेत. मुलाच्या तोंडची भाषा सोपी आहे हे खरं. पण कथा काळात मागे-पुढे उड्या मारते, त्यामुळे ‘आधी हे, मग ते’ या साखळीला लावता येत नाही. शिवाय तो विषय तुटपुंज्या शब्दांत उरकायचा नाही. मी ती ए२ या पुढच्या पातळीच्या शेवटाकडे ठेवली आहे, तेव्हा वाइल (कारण) आणि डास (की) लागून येणारी वाक्यंही हाताशी असतात.

परीक्षेच्या दृष्टीने विचाराल तर जपून. गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए१ परीक्षेत ऐकण्याचा भाग सुमारे वीस मिनिटांचा, त्यात फोनवरचे निरोप, घोषणा, छोटी संभाषणं, आणि चालतं-बोलतं चित्र नसतं. फिल्मची चटक लागलेले विद्यार्थी इथे अडखळतात, कारण ओठ आणि हातवारे बघून अर्थ लावायची सवय झालेली असते. लिहिण्याच्या भागात एक फॉर्म आणि सुमारे तीस शब्दांचा निरोप, त्यालाही फिल्मचा थेट उपयोग नाही. बोलण्याच्या भागात फरक दिसतो: प्रश्न विचारताना ही मुलं गडबडत नाहीत, आणि वाक्य अर्धवट सोडून इंग्रजीत उडी मारत नाहीत. त्यामुळे परीक्षा जवळ आली की मी फिल्म पूर्ण थांबवत नाही, पण ‘निकोस वेग’चा पडदा झाकून नुसता आवाज ऐकवते. सुरुवातीला वर्ग कुरकुरतो. दोन-तीन तासांनी कुरकुर थांबते आणि ‘नोख माल, बिटे’ (पुन्हा एकदा, प्लीज) सुरू होतं.